लाईन तोडा

त्या दिवशी पहिला फोन रिठदहून आला तेव्हा मी दात घासत होतो. तोंडातला फेस थुंकायच्या आत केनवडचा आला, मग रिसोडचा, मग मालेगावचा. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, "सर, कॉम्प्युटर अटकून राह्यला." पडद्यावरचा बाण हलतो, पण कुठंही दाबलं तरी काही होत नाही. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा जागच्या जागी. बंद करून चालू केला तर एक-दोन गाड्या मोजून देतो आणि पुन्हा दगड होतो.

मी तेव्हा धान्य खरेदी करणाऱ्या एका खाजगी कंपनीत होतो. वाशीम जिल्ह्यात तिची ठिकठिकाणी केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर एक मोठा वजनकाटा, काट्याला जोडलेला कॉम्प्युटर आणि त्यावर बसणारा एक ऑपरेटर. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन पडद्यावर येतं, ऑपरेटर बटण दाबतो, पावती निघते. पावती नाही तर माल उतरत नाही. या सगळ्या कॉम्प्युटरची दोरी दूरच्या शहरातल्या हेड ऑफिसच्या हातात. त्यांना विचारल्याशिवाय पडद्यावरचं चित्रही बदलता येत नसे. बिघडलं की जिल्हाभर बोंबलत फिरायला मात्र मी एकटा.

दिवस हरभऱ्याचे होते. सगळ्या केंद्रांवर ट्रॉल्या लागलेल्या, आणि आभाळ नेमकं भरून यायला लागलेलं. उघड्या ट्रॉलीतला हरभरा भिजला तर त्याला कोण विचारतो? लोक सकाळपासूनच तापलेले होते, आणि त्यांना कॉम्प्युटर म्हणजे कंपनी आणि कंपनी म्हणजे मी.

रिठदला पोचलो तर ऑपरेटर सीपीयूला बुक्क्या घालत होता. मी त्याचा हात धरला, आईवरून एक शिवी दिली आणि सीपीयू उघडला. धूळ झटकली, आतल्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या, वायरी बदलल्या, विजेचा दाब मोजला. चालू केला. एक ट्रॅक्टर मोजला, दुसरा काट्यावर आला आणि पडदा गेला थिजून. माझं डोकं असं सटकलं की हातातला माऊस मी भिंतीवर आपटला. त्याचे तुकडे वेचायला ऑपरेटर खाली वाकला, तर त्याच्यावरही ओरडलो. बाहेर कोणीतरी हसलं. मी खिडकीतून हात घालून त्याची गचांडी धरणार होतो, पण मधे गज होते.

केनवडला माझीच गचांडी धरली गेली. एका पैलवानासारख्या माणसानं मला भिंतीला लावलं आणि शांतपणे विचारलं, "चालू करतं का तुलेच काट्यावर चढवू?" चार लोकांनी त्याला ओढलं म्हणून मी सुटलो. शर्टाची दोन बटणं त्याच्या मुठीत राहिली.

हेड ऑफिसला फोन लावला. तिथं आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवर देखरेख करणारा एक साहेब होता, आवाजानं गोड आणि मनानं बर्फ. म्हणाला, "तुमच्याकडे वीज धड नसते, धूळ असते. आमच्याकडे सगळं व्यवस्थित चालू आहे." मी म्हणालो, "साहेब, एकाच सकाळी सगळ्या गावांची धूळ एकदम वाढली का?" तो म्हणाला, "संध्याकाळच्या मीटिंगमध्ये विषय घेतो." मी फोन ठेवला आणि गोदामाच्या पत्र्याला लाथ मारली. अंगठा सुजला, तेवढंच.

केनवडच्या पुढं आमचं अजून एक केंद्र होतं. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, माझ्या आईकडचे काही नातेवाईक तिथं आहेत. तिथली ऑपरेटर एक तरुण बाई होती, नुकतीच लागलेली. गावाच्या टोकाला जी बौद्धांची वस्ती आहे, तिथली. बाप मजुरी करायचा, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. त्या वस्तीतून पंख्याखाली खुर्चीवर बसून गावाच्या मालाचं वजन करणारी ती पहिलीच. गावात काहींना ते खुपत होतं, हे मला आधीही दिसलं होतं. बटण ती दाबणार आणि पाटलाचा ट्रॅक्टर उन्हात उभा राहणार, हे कसं पचावं?

मी पोचलो तेव्हा दाराला माणसं चिकटलेली होती. पत्र्यावर मधूनच एखादा दगड पडत होता. गावात एक आवई उठली होती की मशीन बिघडलीच नाही. एका व्यापाऱ्याचा माल आधी घ्यायचा म्हणून मुद्दाम थांबवली आहे, आणि त्याची पिकअप मागच्या गेटपाशी तयार उभी आहे. पिकअप खरंच उभी होती. ती पंक्चर झालेली होती, पण ते बघायला कोण जातो.

ती खुर्चीवर ताठ बसली होती. ओढणी कमरेला बांधलेली. मला हळूच म्हणाली, "सर, हे लोक मले सोडनार नाहीत. मशीनचं काहीतरी करा."

मी म्हणालो, "ताई, वाशीमला जातो. माझा लॅपटॉपही असाच अटकतो आहे, त्याच्यावर शोधतो. इथं या कल्ल्यात डोकं चालत नाही."

"दार लावून घेऊ काय?"

"लावू नका. लावलं तर फोडतील." मला खरंच असं वाटलं होतं.

वाशीमच्या मुख्य गोदामात येऊन लॅपटॉप उघडला. कंपनीचाच लॅपटॉप, आत तेच सगळं. तो माझ्या डोळ्यांदेखत थिजत होता आणि मी टेबलावर मुठी आपटत होतो. तेवढ्यात पोहरादेवीच्या केंद्रावरच्या ऑपरेटरचा फोन आला. मी फोनवरच वसकन अंगावर गेलो, "तुझाही अटकला का?"

"नाही ना भाऊ. माहा तर मस्त चालू हाय. मी त्या नेटसाठी फोन केला. यात्रेसाठी रस्ता खोदून राह्यले, जेसीबीनं केबल तोडली. कधी जोडता?"

लॅपटॉपच्या बाजूला खोचलेली नेटची निळी वायर उपटली, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि वजनाचा प्रोग्राम उघडून नुसते आकड्यांवर आकडे भरत गेलो. एकदाही अटकला नाही. वायर खोचली की दगड, उपटली की पाणी. मग आत शोधलं तेव्हा सापडलं. आदल्या दिवशी हेड ऑफिसनं व्हायरसवर लक्ष ठेवणारा एक नवा प्रोग्राम सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर लांबूनच घातला होता, आणि जुना काढायचा राहून गेला होता. प्रत्येक पावतीची फाईल जुना पकडायचा, नवाही पकडायचा. नवा प्रत्येक वेळी हेड ऑफिसला विचारायचा, सोडू का? उत्तर येईपर्यंत जुना सोडत नसे. एका फाटकाला दोन राखणदार दोन बाजूंनी धरून बसले होते आणि गाडी मधे. नेट नसलं की नवा विचारायचंच सोडून देई, म्हणून पोहरादेवीचं काम चालू होतं.

साहेबाला फोन केला. त्याच्या ऑफिसातल्या मशीन नव्या होत्या, त्यात जुना प्रोग्राम कधी नव्हताच, म्हणून तिथं सगळं व्यवस्थित. मी सांगितलं, "नवा प्रोग्राम मागे घ्या. एक बटण आहे तुमच्याकडे."

"असं लगेच नाही घेता येत. मीटिंग होऊ द्या."

"तोवर मी सगळ्यांना नेटची वायर काढायला सांगतो."

"अजिबात नाही. वायर काढणं म्हणजे कंपनीच्या मशीनशी छेडछाड. जो काढेल त्याच्यावर कारवाई होईल."

मी त्याला जे म्हणालो ते इथं लिहिण्याजोगं नाही. फोन कापला आणि पहिला फोन तिला लावला, कारण सगळ्यात जास्त गर्दी तिच्याच दारात होती.

तिनं फोन स्पीकरवर टाकला. दोन्ही हात मोकळे हवे होते, टेबलाखाली वाकायचं होतं.

"ताई, सापडलं," मी म्हणालो. "लाईन तोडा."

"लाईन तोडू, सर?"

"तोडा बिनधास्त. मी सांगतो ना. तोडा आणि काटा चालू करा."

"तोडली, सर."

आमच्याकडं लाईन हा शब्द फार राबतो. वीज गेली तरी लाईन गेली, नेट गेलं तरी लाईन गेली, आणि ट्रॅक्टर एकामागं एक उभे असतात तीही लाईनच. ती तोडणं म्हणजे मधे घुसणं. उन्हात वैतागून उभ्या असलेल्या शंभर कानांनी ऐकलं की कंपनीचा माणूस फोनवर सांगतो आहे, बिनधास्त लाईन तोडा, आणि मॅडम म्हणाली तोडली. मागच्या गेटला व्यापाऱ्याची पिकअप. झालं.

मला फोनमध्ये आधी एकच आवाज आला. "आयकलं काय बे? लाईन तोडून राह्यले हे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. दार भिंतीवर आपटलं. "काहून तोडली वं लाईन? कोनाची गाडी घेऊन राह्यली तू?"

"काका, थे लाईन नाही. नेटची, नेटची वायर—"

थाड. तिचा श्वास कोंडल्याचा आवाज आला. कोणीतरी तिची जात काढली. जे शब्द वापरले ते मी स्पष्ट ऐकले. मग लोखंडाचा आवाज, आणि तिची किंकाळी, आणि लाकडाचं काहीतरी मोडल्यासारखं. मी फोनवर ओरडत होतो, "सोडा तिला, हरामखोरांनो, सोडा." माझा आवाज त्या खोलीत स्पीकरवर वाजत असणार, पण कोण ऐकतो. आणि त्या सगळ्या मारामारीत मला प्रिंटर ऐकू आला. चर्र, चर्र, चर्र. मशीन सुरू झाली होती. अडकलेल्या पावत्या एकामागून एक बाहेर येत होत्या, आणि ते तिला मारत होते.

फोन तुटला. वाशीमहून मी फटफटी कशी चालवली ते मला आठवत नाही. एका वळणावर बकऱ्यांच्या कळपात शिरलो आणि गुराख्यानं काठी फेकून मारली, तेवढं आठवतं.

मी पोचेपर्यंत तिला हमालांनी मालाच्या गाडीत घालून रिसोडच्या दवाखान्यात नेलं होतं. खोलीचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. खुर्ची मोडलेली. कीबोर्डवर रक्त होतं, ते कोणीतरी पोत्याच्या तुकड्यानं अर्धवट पुसलं होतं. आणि मोजणी चालू होती. गोदामाचा चौकीदार उभ्यानंच बटण दाबत होता, ट्रॅक्टर काट्यावर चढत होते, उतरत होते, लोक निमूटपणे पावत्या घेत होते. इतकी शिस्त मी त्या केंद्रावर कधी पाहिली नव्हती.

भिंतीला चाकाचे नट खोलायची टॉमी टेकवून ठेवली होती. हातभर लांबीची लोखंडी दांडी. तिच्यावर काय लागलं होतं ते मला दिसलं. मी ती उचलली. चौकीदार पळाला. मी पडदा फोडला, मग सीपीयू, मग प्रिंटर. सीपीयू एका घावात फुटत नाही. पत्रा आत जातो, पण आतला पंखा फिरतच राहतो. मी तो पंखा थांबेपर्यंत मारत राहिलो. मग मागून माझ्या डोक्यात काहीतरी बसलं आणि मी काट्याच्या लोखंडावर तोंडावर पडलो. पाठीत लाथा बसल्या. एकजण म्हणत होता, "आता कुठी चालू झाली होती ना बे, कायले फोडली?" माझा पुढचा दात तिथं गेला.

तिचा उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला होता. कपाळावर टाके. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो तेव्हा तिची आई पायाशी बसली होती, आणि साहेब माझ्या आधी येऊन गेला होता. पांढऱ्या गाडीतून फळं घेऊन. पोलीसही येऊन गेले होते. तिनं त्यांना सांगितलं होतं की जबाब बरं वाटल्यावर देते.

"साहेब काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हने केस केली तर चौकशी होईन. मंग वायर कोनं काढली थेही निघीन. वायर काढाले मनाई होती म्हने. नोकरी राहनार नाही." ती छताकडं बघत होती. "नाही केली केस, तर पगार चालू, आन वाशीमच्या ऑफिसात बदली."

मी म्हणालो, "वायर मी काढायला लावली. मी सांगतो तसं."

"तुमी सांगान. पन हात कोनाचा होता?"

आईनं तिच्या तोंडावरून पदर फिरवला. त्या घरात महिन्याला येणारा पगार एकच होता, आणि तो तिचा. तिच्या धाकट्या भावाचं कॉलेज त्याच्यावर चालायचं.

ती घरी आल्यावर गावातल्या मोठ्या माणसांनी बैठक ठेवली. पोलिसात जबाब जाण्याआधी मिटवून टाका, असा सगळ्यांचा सूर. गोदामाच्या ओट्यावर सतरंजी, चहा, सुपारी. साहेब आला होता. ज्यानं टॉमी चालवली तो माणूसही आला होता, पांढरा टॉवेल खांद्यावर टाकून, माझ्या आईच्या चुलत भावाच्या शेजारी बसलेला. ती आली बापासोबत, हात गळ्यात अडकवलेला. बाप ओट्याखाली उभा राहायला निघाला होता. तिनं त्याला वर सतरंजीवर बसवलं.

मला मुद्दाम बोलावलं होतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "इंजिनिअर साहेब, मशीनले काय झालं होतं थे सांगा साऱ्याइले."

माझ्या डोक्यात इतके दिवस तेच घुमत होतं. साहेबाच्या तोंडावर सांगायची संधी मिळाली म्हणून मी उभा राहिलो आणि धडाधड सांगितलं. दोन प्रोग्राम, जुना काढला नाही, सूचना न देता नवा घातला, मी सांगूनही मागे घेतला नाही. वायर काढणं हाच उपाय होता आणि या बाईनं तो बरोबर केला. साहेबाचा चेहरा पडलेला पाहून मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

म्हातारे गृहस्थ मान डोलवत म्हणाले, "म्हंजे दोष मशीनचा."

"मशीनचाच," टॉवेलवाला म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "मशीन अटकली नसती तर असं झालंच नसतं. मी काय रोज मारतो काय कोनाले? पोरीसारखी हाय थे मले. डोकं फिरलं त्या मशीनपायी."

साहेबानंही पटकन ते उचललं. म्हणाला, "तांत्रिक अडचण होती. आता तसा प्रकार होणार नाही. त्या दिवशी संध्याकाळीच आम्ही तो प्रोग्राम मागे घेतला. कोणाचीच चूक नाही. मॅडमची नोकरीही सुरक्षित आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. तिच्या बापानंही हलवली. कोणीतरी चहाचा दुसरा हात फिरवा म्हणालं. मी उभाच होतो. माझ्या लक्षात आलं की आत्ता जे चाललं आहे त्याला सामान मी पुरवलं.

ती बसल्या जागीच बोलली. आवाज चढवला नाही.

"मशीन अटकली होती, काका. खरं हाय. मी सकाळपासून तिच्यापाशीच बसून होते. पन मशीननं माह्या हातावर टॉमी नाही मारली. माही जात मशीननं नाही काढली. थे तुमी केलं."

"पोरी, आता झालं ना बोलून सारं—" म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"मी काही बोलले नाही आतापर्यंत. तुमीच बोलून राह्यले."

साहेब घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, नोकरीचा विचार करा."

"केला," ती म्हणाली.

ती उठली. बापही उठला, पण तो कोणाकडं बघत नव्हता. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, रिसोडच्या ठाण्यावर सोडता काय?" आईचा चुलत भाऊ माझ्याकडं टक लावून बघत होता. मी फटफटी काढली. ती मागं बसली, डाव्या हातानं माझ्या सीटचा पट्टा धरून. खड्डा आला की तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. बाप मागून एका ऑटोत आला.

ठाण्यात हवालदारानं तिचा जबाब लिहून घेतला. कोणी काय म्हटलं, कशानं मारलं, किती वेळा. ती थांबत थांबत सांगत होती. सही तिनं डाव्या हातानं केली, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत घसरलेली. आठवड्याच्या आत तिला आणि मला दोघांनाही कामावरून काढलं. केस अजून चालू आहे.

त्या दिवशी ठाण्यात तिच्यानंतर हवालदारानं मला बसवलं. फोनवर जे ऐकलं ते मी सांगितलं, शिव्यांसकट. नंतर मी तिथं गेलो आणि कॉम्प्युटर फोडला, हेही सांगितलं. हवालदारानं पेन थांबवलं. मान वर करून त्यानं साधंच विचारलं, "मारणारा माणूस तिथंच उभा होता ना? मंग तुमी मशीन काहून फोडली?"

ती शेजारच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर घेऊन. मी हवालदाराला म्हणालो, "हा प्रश्नही लिहून घ्या."